डिस्कवर बांध कुठे घालायचा: विंडोज आणि लिनक्ससाठी पार्टिशन, फाइल सिस्टिम

पंचवटीत आमच्या वाड्याच्या पुढच्या खोलीत मी वीसेक वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं. २०१६ च्या लग्नसराईत माझा कॉम्प्युटर फार संथ झाला म्हणून दुरुस्तीला दिला. तिथल्या मुलानं फॉरमॅट मारला आणि दुसऱ्या दिवशी मशीन परत आणून दिलं. “ताई, डी ड्राइव्हला हातसुद्धा लावला नाही,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण माझा डी ड्राइव्ह रिकामा होता. सगळं काम डेस्कटॉपवर ठेवलेलं, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पत्रिकांचं एवढं वाटलं नाही, छापील प्रती गिऱ्हाइकांकडे होत्या. पण आईनं सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या मी दोन दिवाळ्यांच्या सुट्टीत बसून टाइप केल्या होत्या, एकशे चाळीसच्या आसपास. आई तोवर गेलेली. मावशीला फोन करकरून साठेक ओव्या पुन्हा जमवल्या, बाकीच्या नाहीत.

तेव्हापासून डिस्कची मांडणी मी स्वतः करते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला आणि विंडोज ११ न चालणारी जुनी मशीन घेऊन नात्यातली माणसं माझ्याकडे येऊ लागली. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायला बसलं की सगळे एकाच खिडकीपाशी अडतात. पूर्ण डिस्क पुसायची, की शेजारी बसवायचं, की ‘समथिंग एल्स’, म्हणजे मांडणी आपली आपण ठरवायची? त्या खिडकीपाशी काय विचार करायचा, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

बांध आणि पीक

पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक तुकडा आणि फाइल सिस्टिम म्हणजे त्या तुकड्यात फाइली मांडायची पद्धत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. निफाडकडच्या कुणालाही हे एका वाक्यात सांगता येतं: शेतात बांध कुठे घालायचा हा पार्टिशनचा प्रश्न, आणि त्या तुकड्यात द्राक्ष लावायचं की कांदा हा फाइल सिस्टिमचा. बांध तसाच ठेवून पीक बदलता येतं, म्हणजे पार्टिशन न हलवता फॉरमॅट करता येतं. मात्र उभं पीक जातं.

कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते. ती नोंद म्हणजे डिस्कचा सातबारा. चुकून पार्टिशन डिलीट झालं तर उताऱ्यावरची नोंद जाते, पीक शेतात उभंच असतं. म्हणून अशा वेळी घाबरून नवं पार्टिशन करायचं नाही, त्यावर काही लिहायचं नाही. मशीन बंद करायचं, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं आणि टेस्टडिस्क नावाच्या मोफत साधनानं जुने बांध शोधायचे. हार्ड डिस्कवर हे बऱ्याचदा जमतं. एसएसडीवर भरवसा नाही, कारण पुसलेली जागा मोकळी झाल्याचं तिला कळवलं जातं आणि ती आतून साफ करते.

सातबारा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर ही १९८३ सालची. तिच्यात चारच मुख्य पार्टिशन आणि २ टीबीच्या पुढची जागा नोंदवायला आकडाच पुरत नाही. दुसरी, नवी पद्धत जीपीटी. तिच्यात १२८ नोंदी मावतात आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. गेल्या दहा-बारा वर्षांतलं मशीन असेल तर जीपीटीच घ्या. बायॉसच्या, म्हणजे चालू होण्याच्या जुन्या पद्धतीच्या, मशीनवर आणि २ टीबीच्या आतल्या डिस्कवर एमबीआर चालतं, तिथे उगाच बदलू नका.

किती तुकडे करायचे

मी एकच प्रश्न विचारते. उद्या ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण पुसायची वेळ आली तर काय पुन्हा कुठूनही आणता येईल, आणि काय जगात दुसरीकडे कुठेच नाही? विंडोज पुन्हा मिळतं, लिनक्स पुन्हा मिळतं, फॉन्ट पुन्हा बसवता येतात. ओव्या मिळत नाहीत. बांध या दोहोंच्या मधे घालायचा. त्यापलीकडे प्रत्येक जास्तीच्या बांधाला ठोस कारण हवं, कारण बांध घालायला दोन मिनिटं लागतात आणि हलवायला अख्खी रात्र.

पूर्वी दुकानातून मशीन घेतलं की सी, डी, ई, एफ असे चार समान ड्राइव्ह करून मिळायचे. एकात गाणी, एकात फोटो, एकात सॉफ्टवेअर. त्याचा त्रास मी भोगला आहे: सी भरून लाल झालेला आणि एफमध्ये शंभर जीबी रिकामे. गाणी आणि फोटो वेगळे ठेवायला फोल्डर पुरतो. तिथे बांध लागत नाही.

माझ्या मशीनवर ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. मला विंडोज सोडता येत नाही. जुनी गिऱ्हाइकं अजून पेजमेकरच्या फाइल आणतात, त्यांतले फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, आणि ते काम विंडोजवरच होतं. बाकी सगळं लिनक्सच्या मिंट या प्रकारावर. म्हणून मांडणी अशी:

एसएसडीवर सुरुवातीला ईएफआय पार्टिशन, ५०० एमबी, फॅट३२ (फॅट३२, एनटीएफएस, ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिमची नावं, त्यांच्याबद्दल पुढे). मशीन चालू झाल्यावर पहिल्यांदा इथेच बघतं. दोन्ही सिस्टिमना एकच पुरतं, दुसरं करू नका. विंडोज स्वतः बसताना हे १०० एमबीचंच करतं. मिंटला तेवढ्यात भागतं, पण लिनक्सचे काही प्रकार कर्नलही (लिनक्सचा गाभा) इथेच ठेवतात आणि मग जागा अपुरी पडते. नव्यानं बसवत असाल तर आधीच मोठं करून घ्या.

मग विंडोजला ११० जीबी, एनटीएफएस. मग लिनक्सच्या रूटला, म्हणजे लिनक्स जिथे बसतं त्या मूळ पार्टिशनला, ६० जीबी, ईएक्सटी४. मिंट किमान २० जीबी मागतं आणि १०० सुचवतं. माझा डेटा दुसरीकडे असल्यानं ६० मध्ये चार वर्षं आरामात गेली. उरलेली पन्नासेक जीबी जागा तशीच पडीक ठेवली आहे, आणि ती मुद्दाम रूटच्या उजवीकडे आहे. पार्टिशन उजवीकडे वाढवणं काही सेकंदांचं काम असतं. डावीकडे वाढवायचं तर सुरुवातच सरकते, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून हलवावा लागतो, आणि त्यात लाइट गेली तर दोन्ही बाजू जातात.

हार्ड डिस्कवर ६०० जीबीचं ‘काम’ नावाचं पार्टिशन, एनटीएफएस, कारण ते दोन्ही सिस्टिमना लिहिता-वाचता आलं पाहिजे. १०० जीबीचं ईएक्सटी४, त्यात टाइमशिफ्ट हे साधन मिंट सिस्टिमच्या जुन्या प्रती ठेवतं. बाकी मोकळं.

बेरीज करताना एक लक्षात ठेवा. कंपनीची १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट, आणि विंडोज १०२४ च्या पटीनं मोजतं, त्यामुळे ती ९३१ जीबी दिसते. २४० ची एसएसडी २२३ दिसते. चोरी कुणी केलेली नसते.

स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. तिच्यासाठी वेगळं पार्टिशन मी करत नाही. मिंट स्वतःच रूटमध्ये स्वॅप फाइल करतं आणि ती नंतर मोठी करता येते. हायबरनेट करायची, म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून मशीन बंद करायची, सवय असेल तरच रॅमच्या आकाराएवढं स्वॅप पार्टिशन ठेवा.

होम, म्हणजे लिनक्समध्ये आपल्या फाइल आणि सेटिंग राहतात ती जागा, वेगळं करायचं का? मशीनवर फक्त लिनक्स असेल तर हो, नक्की. नवी आवृत्ती बसवताना रूट फॉरमॅट करायचं आणि होमला फॉरमॅटची खूण न करता नुसतं जोडायचं, सगळ्या फाइल आणि सेटिंग जागच्या जागी मिळतात. माझ्यासारखा डेटा वेगळ्या पार्टिशनवर असेल तर होम रूटमध्येच राहू द्या.

विंडोजवाल्यांनी एवढं तरी आजच करा: डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, आणि तो डेटाच्या ड्राइव्हवर हलवा. डेस्कटॉपचंही तसंच. बांध घातला आणि धान्य जुन्याच खोलीत राहिलं तर काय होतं ते मी वर लिहिलं आहे.

कुठली फाइल सिस्टिम

लिनक्ससाठी माझं उत्तर ईएक्सटी४. ती २००८ पासून स्थिर आहे, आणि तिच्याबद्दल कुठलीही अडचण आली तरी ती आधी कुणाला तरी आलेली असते आणि उत्तर सापडतं. आमच्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अशा वेळी कामाला येतं ते जर्नल. हिशेबाच्या भाषेत ती रोजकीर्द आहे: बदल आधी तिच्यात टिपायचा, मग खतावणीत चढवायचा. मध्येच वीज गेली तर पुन्हा चालू होताना रोजकीर्द बघून खतावणी जुळवली जाते. मात्र नेहमीच्या मांडणीत ईएक्सटी४ फक्त फाइलींच्या नोंदी टिपते, आतला मजकूर नाही. म्हणजे डिस्क शाबूत राहते, पण सेव्ह न केलेलं पान जातं. यूपीएस घ्यायलाच हवा.

ईएक्सटी४ ची एक गोष्ट नव्या माणसाला बुचकळ्यात टाकते. ती ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. इथे रूट म्हणजे पार्टिशन नाही, सिस्टिमचा मुख्य वापरकर्ता. सिस्टिमच्या पार्टिशनवर हे शहाणपणाचं आहे, डिस्क काठोकाठ भरली तरी मशीन चालू होतं. पण १ टीबीच्या नुसत्या डेटाच्या पार्टिशनवर ४६ जीबी अडकून पडतात. ट्यून२एफएस या साधनानं ते प्रमाण १ टक्क्यावर आणता येतं, डेटा न पुसता.

बीटीआरएफएस, बोलताना बटरएफएस, २०२० मधल्या फेडोरा ३३ पासून फेडोराच्या (हाही लिनक्सचा एक प्रकार) डेस्कटॉपवर आपोआप येते. तिची रीत वेगळी. जुन्या पानावर खोडून लिहायचं नाही, नवं पान घ्यायचं आणि अनुक्रमणिकेत पानाचा आकडा बदलायचा. त्यामुळे आत्ताच्या स्थितीची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, एका क्षणात घेता येतो, आणि अपडेटनं काही बिघडलं तर मागे जाता येतं. प्रत्येक तुकड्याची बेरीजही ती लिहून ठेवते आणि वाचताना पडताळते, म्हणून डिस्क गुपचूप चुकीचा मजकूर देऊ लागली तर ती सांगते. पण एकाच डिस्कवर मजकुराची दुसरी प्रत नसते, त्यामुळे चूक कळते, दुरुस्त होत नाही. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क मेली की दोन्ही गेले. स्नॅपशॉटला बॅकअप म्हणणाऱ्यांशी मी प्रत्येक वेळी भांडते, कारण ही समजूत माणसाला निर्धास्त करते. ज्याला नवं करून बघायची हौस आहे, महिन्यातून एकदा तरी सिस्टिम मोडते, त्यानं बीटीआरएफएस घ्यावी. ज्याला सकाळी मशीन लावून काम करायचं आहे त्यानं ईएक्सटी४.

एक्सएफएस सर्व्हरवर मोठ्या फाइलींसाठी उत्तम, पण तिचं पार्टिशन लहान करता येत नाही. घरच्या मशीनवर, जिथे आपले अंदाज नेहमी चुकतात, तिथे ती घेऊ नये.

विंडोज आणि लिनक्स दोघांनाही लागणाऱ्या डेटासाठी एनटीएफएस. १९९३ पासूनची आहे, तिलाही जर्नल आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०२१ पासून, म्हणजे ५.१५ पासून, तिच्यासाठी लिहिता-वाचता येणारा नवा ड्रायव्हर आहे. पण ती बिघडली तर नीट दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच होते, म्हणून विंडोज कायमचं काढून टाकणार असाल तर डेटाही एनटीएफएसवर ठेवू नका. उलट बाजूनं, ईएक्सटी४ विंडोज उघडत नाही. ते पार्टिशन दिसलं की ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतं. तिथे ‘कॅन्सल’ दाबायचं. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क एक्सफॅट. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ आला की कॉपी मध्येच थांबते आणि जागा असून ‘जागा नाही’ असं वाटतं. पण एक्सफॅटला जर्नल नाही, म्हणून ने-आण करायलाच ती वापरा, कायमच्या साठवणीला नाही. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता उपटायची सवय एक्सफॅटवर सगळ्यांत महाग पडते.

मराठी नावांचं गणित

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विंडोजवरचं ‘काम’ ईएक्सटी४ वर कॉपी करताना काही फाइलींवर ‘नाव फार लांब’ अशी चूक आली. नावं तर विंडोजवर मजेत चालत होती.

कारण असं. एनटीएफएस नावाची लांबी २५५ चिन्हांत मोजते. ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सएफएस तीच २५५ बाइटमध्ये मोजतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे तीन. ‘निमंत्रणपत्रिका’ या एका शब्दात पंधरा चिन्हं आहेत, म्हणजे ४५ बाइट. लिनक्सवर मराठी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं, त्यातही शेवटचं एक्स्टेन्शन धरून. वधूवरांची पूर्ण नावं, गाव, तारीख, ‘दुसरी दुरुस्ती’, ‘अंतिम’, ‘खरंच अंतिम’ असं लिहीत गेलं की ते सहज ओलांडतं. फोल्डरला वधूवरांचं नाव द्या आणि फाइलला नुसतं ‘पत्रिका ३’.

डिस्कच्या नावाचंही तसंच. ईएक्सटी४ च्या लेबलला १६ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची पाच चिन्हं. ‘नाशिक’ मावतं, ‘पंचवटी’ मावत नाही.

दुसरं, मुहूर्त. ‘११:४५’ असं नावात लिहू नका. लिनक्स कधी कधी ते होऊ देतं आणि विंडोजवर गेल्यावर ती फाइल उघडत नाही, कारण विंडोजला नावात विसर्गासारखे ते दोन टिंब चालत नाहीत. प्रश्नचिन्ह आणि तारांकनही नाही. ११-४५ लिहा.

आणि तिसरं ‘शेतकऱ्यांची यादी’ सारख्या नावांचं. ‘ऱ्य’ मधला तो र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकच अखंड चिन्ह, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखे, फाइल सिस्टिमला दोन निराळी नावं. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल दिसल्या तर डिस्क बिघडली नाही, कीबोर्ड वेगळे होते.

हात लावण्याआधी

बाहेरच्या डिस्कवर पूर्ण कॉपी घ्या. कॉपी झाली म्हणून थांबू नका, त्यातल्या चार-पाच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

डिस्कची तब्येत बघा. मिंटच्या ‘डिस्क्स’ मध्ये स्मार्ट डेटा असतो, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद. तिथे ‘रीअलोकेटेड सेक्टर’ चा, म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागांचा, आकडा वाढत असेल तर ती डिस्क वाटणीच्या लायकीची राहिलेली नाही, नवी आणा.

विंडोज ठेवणार असाल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटन काय करतं ते ठरवायची जागा, तिथे ती खूण आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि एनटीएफएसचा हिशेब उघडाच ठेवतं. मग लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं, ते बरंच आहे, कारण जबरदस्तीनं लिहिलं तर दोघांचे हिशेब जुळत नाहीत. माझी एक स्मरणिका मी अशीच अर्धी गमावली. मोठं अपडेट आलं की ही खूण पुन्हा एकदा तपासा.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराला विंडोजनं घातलेलं कुलूप, चालू आहे का बघा. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर तो मालकाला न कळताही चालू असू शकतो. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि मगच पुढे जा. काम चालू असेपर्यंत तो ‘सस्पेंड’ करा.

आणि मशीन यूपीएसवर घ्या. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून वर चार्जर लावूनच ठेवा.

प्रत्यक्ष काम

विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. बरीच जागा रिकामी असूनही ते कमी देतं, कारण मध्येच न हलणाऱ्या फाइल बसलेल्या असतात. हायबरनेशन आणि पेजफाइल (विंडोजची स्वॅप फाइल) तात्पुरतं बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. मोकळी झालेली जागा तशीच सोडा, विंडोजमधून तिथे नवं पार्टिशन करू नका. रिकव्हरीचं छोटं पार्टिशन निरुपयोगी वाटून काढून टाकायचा मोह होतो, ते राहू द्या.

दोन डिस्क असतील तर डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. डेस्कटॉपवर हे पाच मिनिटांचं काम आहे आणि चुकीची डिस्क पुसली जाण्याची भीती मुळातच जाते. लॅपटॉपवर जमणार नसेल तर डिस्क नावावरून नाही, आकारावरून ओळखा. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, ती पेन ड्राइव्ह लावल्यावर बदलू शकतात.

पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करताना, विंडोज यूईएफआयनं, म्हणजे बायॉसनंतरच्या नव्या पद्धतीनं, बसलेलं असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआयनेच चालू झाला पाहिजे. बूट मेन्यूत तो दोनदा दिसतो, यूईएफआय लिहिलेला निवडा. एकाला एक रीत आणि दुसऱ्याला दुसरी झाली की दोन्ही सिस्टिम एका मेन्यूत येत नाहीत, आणि याच कारणानं लोक पुन्हा पुन्हा बसवत राहतात.

इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ घ्या. मोकळ्या जागेवर क्लिक, अधिक चिन्ह, आकार एमबीमध्ये लिहा. ६० जीबी म्हणजे ६०,००० लिहिलं तरी चालतं. प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट (पार्टिशन कुठे जोडायचं ती जागा) एक तिरकी रेघ (/), म्हणजे रूट. ईएफआय पार्टिशनवर ‘फॉरमॅट’ ची खूण नाही ना, हे दोनदा बघा. तीच खूण विंडोजची वाट पुसते. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर काय काय फॉरमॅट होणार याची यादी येते. ती मोठ्यानं वाचायची माझी पद्धत आहे. ज्याचं मशीन आहे त्याला शेजारी बसवते आणि त्यानं हो म्हटल्यावरच पुढे जाते.

बसवून झाल्यावर ‘डिस्क्स’ मध्ये जाऊन ‘काम’ हे पार्टिशन चालू होतानाच जोडलं जाईल असं ठरवा. ओळख म्हणून यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) निवडा, म्हणजे केबल इकडची तिकडे झाली तरी फरक पडत नाही.

दोन निराळी मशीन

भाच्याचा लॅपटॉप: ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११, ईएफआय पार्टिशन २६० एमबीचं. त्याला फेडोरा हवं होतं. विंडोजकडून १२० जीबी घेतले आणि मांडणी फेडोराच्या इन्स्टॉलरवरच सोडली. तो बीटीआरएफएसवर रूट आणि होम एकाच तुकड्यात करतो, जागा दोघांची सामायिक, बांध कुठे घालायचा हा प्रश्नच उरत नाही. बिटलॉकरची की त्याच्या आईच्या डायरीत लिहून ठेवली.

पिंपळगावला माझ्या दिरांकडे जुना डेस्कटॉप आहे, बायॉसचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. द्राक्षाचे हिशेब, बँक, कांद्याचे बाजारभाव, एवढंच काम. तिथे विंडोज ठेवलंच नाही. एमबीआर होतं तेच राहू दिलं. रूट ६० जीबी, होम ३५० जीबी, दोन्ही ईएक्सटी४, बाकी पडीक. बीटीआरएफएस त्यांना दिली नाही, कारण मी रोज पिंपळगावला जाऊ शकत नाही, आणि अडल्यावर फोनवरून सांगता येईल असंच काहीतरी हवं होतं. पुढच्या वर्षी त्या मशीनला एसएसडी घालू. तेव्हा होमची कॉपी घ्यायची आणि रूट नव्यानं बसवायचं.

नव्या डिस्कवर सगळं नेऊन झालं की जुन्या डिस्कवरच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार नव्या डिस्कशी जुळवते. जुळलं तरी जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करत नाही. तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून महिनाभर माजघरातल्या कपाटात ठेवते, ओव्यांची छापील प्रत जिथे आहे त्याच खणात.